वाचकांचे प्रश्न: रिक्वेस्टमधून आलेला पॅरामीटर तपासायचा कुठे, बदलायचा कधी?

या वेळचे बरेचसे मेल एकाच गोष्टीबद्दल आलेत. एपीआयकडे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या रिक्वेस्ट घेणाऱ्या आपल्या कोडकडे, बाहेरून जी व्हॅल्यू (पॅरामीटर) येते ती तपासायची कशी आणि आकडा, तारीख, हो-नाही अशा खऱ्या टाइपमध्ये आणायची कशी. म्हणून सगळं सदर त्यालाच देतेय. एक सूचना आधी, इथे आकडे देवनागरीत छापलेत पण कोडमध्ये अर्थातच इंग्रजी आकडे टाकायचे, आणि जिथे हा फरकच महत्त्वाचा आहे तिथे तसं वेगळं लिहिलंय.

प्रश्न: ताई, नोड आणि एक्सप्रेसवर प्रॉडक्ट लिस्टचा एपीआय केलाय. ॲक्टिव्ह=फॉल्स पाठवलं तरी ॲक्टिव्ह मालच येतो. झॉड ही तपासणीची लायब्ररी लावलीय, त्यात कोअर्स (टाइप बदलायची सोय) वापरून बूलियन, म्हणजे हो-नाही, केलंय, म्हणजे व्हॅलिडेशन आहे. आणि पेज रिकामं आलं की कोड शून्यावं पान मागायला जातो. नेमकं चुकतंय कुठे? (नाशिक)

उत्तर: क्वेरी स्ट्रिंगमध्ये, म्हणजे यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हानंतर, येतो तो सगळा मजकूर असतो, तिथे आकडा नसतो, बूलियन नसतो, काहीच नसतं, फक्त अक्षरं. तुमच्याकडे येतंय ते पाच अक्षरांचं 'फॉल्स' आणि जावास्क्रिप्टमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग ही ट्रू धरली जाते, त्यामुळे बूलियन फंक्शनला 'फॉल्स' दिलं की ट्रूच परत येतं. झॉडचं कोअर्स बूलियन आतून हेच फंक्शन वापरतं, तर तिथे व्हॅलिडेशन झालंच नाही, चुकीचं कन्व्हर्शन झालं आणि ते एरर न देता झालं. झॉड ४ मध्ये यासाठी स्ट्रिंगबूल नावाचा वेगळा प्रकार आहे तो वापरा, जुनी आवृत्ती असेल तर एनम (ठरावीक शब्दांची यादी) लावून 'ट्रू' आणि 'फॉल्स' एवढे दोनच शब्द चालतील असं सांगा आणि मग त्याचं बूलियन करा. तिसरं काही आलं तर ४०० द्या, म्हणजे रिक्वेस्टच चुकीची आहे असं सांगणारा एररचा कोड.

पेजचंही तसंच आहे. नंबर फंक्शनला रिकामी स्ट्रिंग दिली तर शून्य मिळतं, नुसती स्पेस दिली तरी शून्यच. पार्सइंट वापरलं तर रिकाम्याला नॅन ('आकडा नाही') मिळेल पण '१२एबीसी' आलं तर ते निमूटपणे १२ घेईल आणि पुढचं सोडून देईल. त्याहून वाईट म्हणजे रक्कम. फ्रंटएंडने रक्कम दाखवायला स्वल्पविराम टाकलेले असतात आणि तीच स्ट्रिंग एपीआयला गेली तर पार्सइंटच्या हिशेबाने '१,००,०००' म्हणजे एक रुपया. म्हणून माझा आग्रह असा असतो की आधी स्ट्रिंगचं रूप तपासा, फक्त आकडेच आहेत ना, लांबी किती, मग आकड्यात बदला, मग रेंज बघा, पान १ पासून पुढे आहे का. या तीन गोष्टी याच क्रमाने आणि एकाच जागी, हँडलरच्या, म्हणजे रिक्वेस्ट घेणाऱ्या फंक्शनच्या, दारातच. आतल्या कोडला कच्ची स्ट्रिंग दिसताच कामा नये. आतल्या सर्व्हिस फंक्शनची सिग्नेचर (नाव आणि पॅरामीटरचे टाइप) बघून कळलं पाहिजे की इथे पेज हा आकडाच येतो, तो तपासलेला आहे, आणि परत तपासायची गरज नाही.

एक्सप्रेसबद्दल अजून एक, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आयडी=१ आणि आयडी=२ असं एकाच यूआरएलमध्ये दोनदा आलं तर एक्सप्रेस तुम्हाला स्ट्रिंग देत नाही, ॲरे देतो. जँगो अशा वेळी शेवटची व्हॅल्यू देतं, फ्लास्क पहिली. म्हणजे तीच यूआरएल आणि तीन फ्रेमवर्कमध्ये तीन उत्तरं. आणि एक्सप्रेस ४ मध्ये डीफॉल्ट सेटिंगवर पॅरामीटरच्या नावापुढे चौकटी कंसात काही लिहिलं की त्याचं ऑब्जेक्ट होतं. लॉगिनच्या पासवर्डपुढे कंसात मोंगो डेटाबेसचा 'नॉट इक्वल' ऑपरेटर लिहून पाठवला आणि तुम्ही ती व्हॅल्यू थेट क्वेरीत टाकली असेल, पासवर्ड हॅश न करता, तर पासवर्ड न माहीत असताना माणूस आत येतो. एक्सप्रेस ५ ने क्वेरीसाठी डीफॉल्ट साधा पार्सर केला ते बरंच झालं, पण जेसन बॉडीतून ऑब्जेक्ट येणारच, त्यामुळे 'ही स्ट्रिंगच आहे' हा चेक दोन्हीकडे हवा.

प्रश्न: स्प्रिंग बूटमध्ये पेज हा पॅरामीटर ऐच्छिक ठेवलाय, रिक्वायर्ड फॉल्स. तरी तो नाही पाठवला की ५०० (सर्व्हरच्या चुकीचा कोड) येतो. आणि मिन लावून १ पेक्षा कमी चालणार नाही असं सांगितलंय तर शून्य पाठवल्यावरही ५०० च येतो, ४०० नाही. क्लायंटच्या टीमने तुमचा सर्व्हर पडतोय अशी तक्रार केलीय. (पुणे)

उत्तर: दोन वेगळी कारणं आहेत. पहिलं, तुम्ही टाइप छोट्या 'इंट'चा ठेवला असणार. व्हॅल्यू आली नाही तर स्प्रिंगला तिथे नल (काहीच नाही) ठेवायचा असतो आणि प्रिमिटिव्ह इंटमध्ये नल बसत नाही, म्हणून इल्लीगल स्टेट एक्सेप्शन आणि ५००. टाइप 'इंटीजर' करा किंवा डीफॉल्ट व्हॅल्यू १ द्या, मी डीफॉल्टच देईन, कारण पान सांगितलं नाही म्हणजे पहिलं पान हे सगळ्यांना मान्य असतं.

दुसरं, क्लासवर व्हॅलिडेटेड ॲनोटेशन आहे का बघा. ते असलं की तपासणी जुन्या वाटेने होते आणि कन्स्ट्रेंट व्हायोलेशन एक्सेप्शन फेकलं जातं, ते कोणी पकडलं नाही तर ५०० होतो. स्प्रिंग ६.१ पासून, म्हणजे बूट ३.२ पासून, कंट्रोलरच्या मेथडच्या पॅरामीटरची तपासणी फ्रेमवर्क स्वतः करतं आणि ४०० देतं, पण त्यासाठी क्लासवरचं ते ॲनोटेशन काढावं लागतं. जुन्या आवृत्तीवर असाल तर कंट्रोलर ॲडव्हाइसमध्ये ते एक्सेप्शन पकडून ४०० करा.

आणि क्लायंटच्या टीमचं म्हणणं मला पटतं. ५०० म्हणजे चूक सर्व्हरची, ४०० म्हणजे चूक पाठवणाऱ्याची. चुकीच्या पॅरामीटरला ५०० दिला की समोरचा तीच रिक्वेस्ट परत परत पाठवत बसतो कारण त्याच्या रिट्राय लॉजिकला वाटतं की सर्व्हर थोड्या वेळाने ठीक होईल, आणि रात्री अलर्टने तुमच्याच माणसाची झोप मोडते.

प्रश्न: मोबाइल नंबर +९१ लावून पाठवतोय तर सर्व्हरवर प्लस गायब होऊन स्पेस येते. ट्रिम केलं की नंबर ९१ ने सुरू होतो आणि रेजेक्स, म्हणजे मजकुराचं रूप तपासणारा पॅटर्न, नापास करतो. तारखेलाही असंच होतंय, आणि तारखेच्या रिपोर्टमध्ये पहाटेच्या ऑर्डर आदल्या दिवशी दिसतात, ते वेगळं प्रकरण आहे का? (ठाणे)

उत्तर: प्लसची भानगड जुनी आहे. फॉर्मच्या एन्कोडिंगमध्ये स्पेस ही प्लस म्हणून लिहायची पद्धत पडली, त्यामुळे सर्व्हर क्वेरीतला उघडा प्लस वाचताना परत स्पेस करतो. आपल्याकडे हे दोन ठिकाणी हमखास नडतं, +९१ आणि +०५:३०. भारतीय वेळेचा ऑफसेट लावलेली तारीख यूआरएलमध्ये तशीच चिकटवली की प्लसच्या जागी स्पेस जाते आणि पार्सर नाही म्हणतो. उपाय पाठवणाऱ्याच्या बाजूला आहे, प्लसच्या जागी टक्का-दोन-बी (%2B) जायला हवं. जावास्क्रिप्टमध्ये एन्कोड यूआरआय कंपोनंट ते करतं, नुसतं एन्कोड यूआरआय करत नाही, नावं सारखी असल्याने इथेच गोंधळ होतो. यूआरएल सर्च पॅराम्स वापरलंत तर विचारच करावा लागत नाही.

सर्व्हरवर 'स्पेस दिसली की प्लस कर' असं कोणी सुचवेल, ते करू नका. आज फोनला चाललं म्हणून उद्या कोणीतरी ते सगळ्या पॅरामीटरला लावेल आणि नाव-आडनावाच्या मध्ये प्लस येईल. चुकीचं आलं तर चुकीचं आलं म्हणून सांगा आणि एररमध्येच लिहा की प्लस एन्कोड करून पाठवा, पाठवणारा पाच मिनिटांत दुरुस्त करतो.

मोबाइल नंबर आकड्यात बदलायचा नाही, हे इथेच सांगून ठेवते. बँकेचा खाते नंबर, आधार, पिनकोड, मोबाइल ही सगळी अक्षरंच आहेत, आकड्यांनी लिहिलेली. ज्याची कधी बेरीज करणार नाही त्याचा इंटीजर कशाला करायचा. खाते नंबरच्या सुरुवातीला शून्य असेल तर ते उडून जातं, आणि नंबर लांब असला तर जावास्क्रिप्ट ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ च्या पुढे अचूक राहत नाही, शेवटचा आकडा बदलतो आणि कुठेही एरर येत नाही. पैसे दुसऱ्याच्या खात्यात जायला एवढं पुरतं. रक्कम असेल तर ती मात्र खरा आकडा, आणि ती रुपयांऐवजी पैशांमध्ये पूर्णांक म्हणून घ्या, फ्लोटमध्ये (दशांश आकड्यात) नको.

आता पहाटेच्या ऑर्डरचं. भारतात १ मेची मध्यरात्र झाली की यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ३० एप्रिलचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. जावास्क्रिप्टचं डेट नुसती वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंग यूटीसी धरतं, पण त्याच्यापुढे वेळ लिहिली आणि ऑफसेट नाही लिहिला तर ती मशीनची स्थानिक वेळ धरतं. तुमचा लॅपटॉप भारतीय वेळेवर, क्लाउडमधला सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणून लॅपटॉपवर रिपोर्ट बरोबर आणि सर्व्हरवर साडेपाच तास सरकलेला. पहाटे साडेपाचच्या आधीच्या सगळ्या ऑर्डर आदल्या दिवशी जाऊन बसतात त्या यामुळे. पॅरामीटर दोन प्रकारचे ठेवा आणि नावातच फरक दाखवा. दिवस हवा असेल तर फक्त दिवस घ्या आणि तो कुठल्या टाइमझोनचा दिवस हे एपीआयच्या कागदपत्रात लिहा, आणि क्षण हवा असेल तर ऑफसेटसकट पूर्ण वेळच घ्या, ऑफसेट नसेल तर ४००. ०३/०४ असली तारीख तर घेऊच नका, आपल्याला ती ३ एप्रिल वाटते आणि अमेरिकेतल्या क्लायंटला ४ मार्च, आणि दोघांचीही पार्स होते. शिवाय काही जुने पार्सर फार समजूतदार असतात. जावाचं सिंपल डेट फॉरमॅट सेटिंग न बदलता वापरलं तर ३१ फेब्रुवारी २०२४ ची २ मार्च करून देतं. त्याचं लेनियंट (सैल) सेटिंग बंद करा, किंवा नवीन कोडमध्ये लोकल डेट वापरा.

प्रश्न: आमचं ॲप ग्रामीण भागातले लोक मराठीतून वापरतात. नाव आणि गाव देवनागरीत आलं की व्हॅलिडेशन नापास होतं, रेजेक्समध्ये युनिकोडची अक्षरं चालतील असं लिहूनही. आणि पिनकोड काही जण मराठी आकड्यांत टाकतात. ते घ्यायचे की नाकारायचे? (कराड)

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण याची उत्तरं बाहेरच्या लेखांमध्ये सहसा सापडत नाहीत आणि फटका आपल्याच माणसाला बसतो, स्वतःचं नाव बरोबर लिहूनही त्याला 'अवैध नाव' असं वाचावं लागतं.

रेजेक्समध्ये तुम्ही फक्त अक्षर हा गट दिलाय. युनिकोडमध्ये 'म' हे अक्षर आहे पण त्यावरची वेलांटी, काना, अनुस्वार, हलन्त ही अक्षरं नाहीत, ती मार्क या वेगळ्या गटात येतात. म्हणून 'मदन' पास होतो आणि 'मीना' नापास. अक्षर आणि मार्क दोन्ही गट द्या, सोबत स्पेस, टिंब आणि जोडरेघ.

मग तुमच्याच गावाचं नाव घ्या, कऱ्हाड असं लिहिणारेही आहेत. त्यातला अर्धा र कॉम्प्युटरमध्ये निदान तीन तऱ्हांनी येऊ शकतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसरं म्हणजे साधा र, खाली नुक्ता आणि हलन्त, आणि तिसरं म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. स्क्रीनवर तिन्ही सारखे दिसतात पण स्ट्रिंग म्हणून तिन्ही वेगळे, त्यामुळे एका कीबोर्डवरून सेव्ह केलेलं गाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं तर सापडत नाही. पॅरामीटर आत घेताना एनएफसी नॉर्मलायझेशन (सारख्या अक्षरांना एकच रूप देणं) करा, त्याने पहिला आणि दुसरा प्रकार एक होतो. तिसरा त्याने होत नाही, तो तुम्हाला स्वतः बदलावा लागेल, र-हलन्त-जॉइनर दिसलं की ऱ-हलन्त करायचं. आणि जॉइनर हा न दिसणारा कचरा आहे असं समजून सरसकट काढून टाकू नका, काढलात तर अर्ध्या र चा रफार होऊन गावाचं नाव कर्हाड असं दिसेल. रेजेक्समध्येही तो चालू द्यावा लागतो कारण तो अक्षरही नाही आणि मार्कही नाही.

आता पिनकोड. भाषेगणिक वागणं बदलतं आणि धोका तिथेच आहे. पायथन ३ मध्ये रेजेक्सचा 'डी', म्हणजे कुठलाही आकडा, देवनागरी आकडेही पास करतो आणि इंट फंक्शन ते बरोबर बदलूनही देतं. जावास्क्रिप्टमध्ये 'डी' फक्त इंग्रजी आकडे धरतो. डॉटनेटमध्ये रेजेक्स देवनागरी आकडे पास करतो आणि इंट पार्स मात्र एक्सेप्शन फेकतं, म्हणजे तपासणी पास आणि बदलताना सर्व्हर ५००. तपासणारा आणि बदलणारा यांचं एकमत नसलं की असं होतं.

माझं मत, घ्या. माणसाने चूक केलेली नाही, मराठी ॲपमध्ये मराठी आकडे लिहिलेत. दारातच दहा देवनागरी आकड्यांचे दहा इंग्रजी आकडे करा, मध्ये स्पेस असेल तर काढा कारण ४११ ००१ असं तोडून लिहायची सवय आहे, आणि मग नेमकी तपासणी लावा, सहा आकडे आणि पहिला शून्य नाही. तपासणीत 'डी' न लिहिता शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहा. पायथनमध्ये असाल तर फुलमॅच वापरा, कारण रेजेक्समध्ये शेवट दाखवणारं डॉलरचं चिन्ह शेवटी आलेली नवी ओळ खपवून घेतं. साठवायचं मात्र एकाच रूपात, इंग्रजी आकड्यांत, म्हणजे डेटाबेसमध्ये एका पिनकोडच्या दोन जाती होणार नाहीत.

प्रश्न: ४०० द्यायचा की ४२२? टीममध्ये यावर वाद आहे. (नागपूर)

उत्तर: दोन्ही कोड चुकीच्या रिक्वेस्टचेच आहेत, कुठलाही एक ठरवा आणि सगळीकडे तोच ठेवा. फास्टएपीआय मुळात ४२२ देतं, स्प्रिंग आणि एएसपी डॉटनेट कोअर ४०० देतात, दोन्ही चालतं. यावर जेवढा वेळ घालवाल तेवढा एररच्या मजकुरावर घालवा. कुठला पॅरामीटर, काय अपेक्षित होतं, आणि सगळ्या चुका एकदम, एक दुरुस्त केली की दुसरी असं नको. त्याचा साचा आरएफसी ९४५७ या इंटरनेटच्या मानकात तयार आहे, २०२३ चा आहे, तोच घ्या.

प्रश्न: आमच्या फ्रंटएंडला सगळे चेक आहेत, ड्रॉपडाउन आहेत, माणूस चुकीचं पाठवूच शकत नाही. मग बॅकएंडला परत तेच लिहायचं का? (कोल्हापूर)

उत्तर: हो, लिहायचं. तुमचा ड्रॉपडाउन तुमच्या पानावर आहे, एपीआय इंटरनेटवर आहे, आणि कर्ल किंवा पोस्टमन अशी रिक्वेस्ट पाठवायची साधनं उघडून कोणीही हवं ते पाठवू शकतो. फ्रंटएंडचा चेक वापरणाऱ्याच्या सोयीसाठी, बॅकएंडचा सुरक्षिततेसाठी.

सॉर्टचा पॅरामीटर बघा. एसक्यूएलमध्ये प्लेसहोल्डर लावून व्हॅल्यू सुरक्षित पाठवता येते पण कॉलमचं नाव तसं पाठवता येत नाही, म्हणून लोक ते सरळ स्ट्रिंगमध्ये जोडतात आणि इंजेक्शनला, म्हणजे बाहेरच्याने आपली एसक्यूएल घुसवण्याला, दार मिळतं. तिथे चालणाऱ्या नावांची यादी ठेवा, बाहेरचं नाव आणि आतला कॉलम अशी जोडी, यादीत नसेल तर ४००. लिमिटला वरची मर्यादा घाला, समजा १००, नाहीतर कोणीतरी दहा लाख मागेल आणि सर्व्हरची मेमरी संपेल. आयडीलाही मर्यादा हवी, पोस्टग्रेसचा साधा इंटीजर २,१४७,४८३,६४७ पर्यंतच जातो, त्यापुढचा आयडी आला की डेटाबेस एरर देतो आणि परत तोच ५००.

आणि बॉडीतून जे येईल ते सगळं मॉडेलमध्ये ओतू नका. कोणी प्रोफाइल अपडेट करताना सोबत रोल=ॲडमिन पाठवलं तर? मार्च २०१२ मध्ये गिटहबवर याच प्रकारची फट होती, पब्लिक की अपडेट करायच्या फॉर्ममध्ये जास्तीची फील्ड घालून एका प्रोग्रॅमरने स्वतःची की रेल्स या फ्रेमवर्कच्या खात्याला जोडली आणि तिथे कमिट करून दाखवलं. पुढे रेल्स ४ मध्ये चालणारी फील्ड नावाने सांगायची सक्ती आली ती या अनुभवानंतरच. तुम्ही कुठलंही फ्रेमवर्क वापरा, प्रत्येक एंडपॉइंटसाठी इनपुटचा वेगळा छोटा क्लास करा आणि त्यात फक्त बाहेरून बदलता येणारी फील्ड ठेवा.

प्रश्न: जुना एपीआय तीन-चार वर्षं सैलच चाललाय, बरेच क्लायंट जोडलेत. आता कडक तपासणी लावली तर त्यांचं काम बंद पडेल. काय करावं? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: एकदम लावू नका. नवी तपासणी आधी नुसती नोंद करण्यापुरती चालवा, रिक्वेस्ट पूर्वीसारखीच पुढे जाऊ द्या पण नियमात बसली नसती तर लॉगमध्ये क्लायंटची ओळख, पॅरामीटरचं नाव आणि कुठला नियम मोडला एवढं लिहा, व्हॅल्यू लिहू नका, त्यात पासवर्ड आणि आधार नंबर असू शकतात. महिनाअखेरीलाच काही क्लायंटचे रिपोर्ट चालतात, म्हणून निदान एक पूर्ण महिना ते चालू ठेवा. मग यादी बघा. काही गोष्टी सगळेच चुकीच्या पाठवत असतील, तिथे तुमचाच नियम बदला, उदाहरणार्थ पिनकोडमधली स्पेस. काही एकदोन क्लायंटच पाठवत असतील, त्यांना त्यांच्याच लॉगमधली उदाहरणं आणि तारीख देऊन कळवा. सुरक्षिततेचे नियम मात्र, सॉर्टची यादी, लिमिटची मर्यादा, जास्तीची फील्ड नाकारणं, हे थांबवून ठेवू नका, ते याच आठवड्यात लावा. ज्यांचं काम त्याने अडेल त्यांच्याशी फोनवर बोलून घ्या.